वीस हजार शेराफिन

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या प्रशस्त पायऱ्या आहेत. त्या इमारतीच्या पाठीमागे, आज नौदलाच्या ताब्यात असलेल्या आवारात, साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्राच्या काठाला लागून एक पोर्तुगीज वाडा उभा होता. भोवती नारळीची बाग, समोर खाडी. वाड्याची मालकीण दोना इग्नेज द मिरांदा ही दोम रोद्रिगो द मोन्सांतो यांची विधवा. बेटावरचे लोक तिला बेटाची मालकीण म्हणूनच ओळखत. 18 फेब्रुवारी 1665 या दिवशी तिच्याच घरात मुंबईचं बेट पोर्तुगालच्या राजाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलं. इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुक हजर होता. कागद वाचून झाले, सह्या झाल्या. मग रिवाजाप्रमाणे तो त्या जमिनीवर चालला, तटाच्या बुरुजांवर फिरला आणि वाकून त्याने मूठभर माती अन् दगड हातात घेतले. ताबेपावतीत हे सगळं नोंदवलेलं आहे.

त्या मुठीत नेमकं काय आलं, यावर पुढची साडेसात वर्षं भांडण चाललं. बेटावरची सत्ता आली, की बेटावरची प्रत्येक वाडी, प्रत्येक भातखाचर आणि प्रत्येक माड आला? लंडनमध्ये बसलेल्यांना या दोन गोष्टींत फारसा फरक दिसत नव्हता. माहीमच्या किंवा माझगावच्या जमीनदाराचं सगळं आयुष्य मात्र त्या फरकावर उभं होतं.

हे जमीनदार कोण, ते आधी पाहायला हवं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात मुंबईची बेटंही गेली. पोर्तुगीज राजाने ती आपल्या माणसांना वाटून दिली. वार्षिक ‘फोरो’ म्हणजे ठरलेली पट्टी भरायची आणि युद्धप्रसंगी शस्त्र घेऊन हजर व्हायचं, एवढ्या अटीवर जमीन. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. साधारण 1,400 पार्दाव वर्षाला भरून तो हे बेट भोगत होता, आणि दोना इग्नेजचा वाडा त्याच्याच जागेवरचा. पुढे चार-पाच पिढ्या गेल्या. पहिल्या आलेल्यांच्या सनदांना वाळवी लागली, वाटण्या झाल्या, हुंड्यात जमिनी गेल्या, चर्चला दान दिल्या गेल्या. कुणी पडीक खाजण बांध घालून ओढलं, कुणी शेजाऱ्याची हद्द खाल्ली. जमीनदारांत अस्सल पोर्तुगीज थोडे, मिश्र रक्ताचे अधिक आणि ख्रिस्ती झालेले इथलेच लोकही बरेच. त्यांना ‘फाजेंदार’ म्हणत. मुंबईच्या जमिनींच्या व्यवहारांत ‘फाजंदारी’ हा शब्द अजून ऐकू येतो, तो तिथूनच आला.

त्या काळच्या इंग्रजी कागदांत या बेटाची भाषा कशी मिसळली होती, हे पाहण्यासारखं आहे. नारळीच्या वाडीला ‘ओर्त’, म्हणजे पोर्तुगीज ‘होर्ता’. शेताला ‘बट्टी’, म्हणजे आपलं भातच. ताडाला ‘ब्राब’, म्हणजे पोर्तुगीजांचा रानटी माड. बेटाचं खरं उत्पन्न यातच होतं: नारळ, भात, ताडी, मीठ आणि मासळी. बंदर उत्तम होतं, पण बंदराचा पैसा अजून यायचा होता.

कराराचा प्रवासही सरळ झाला नव्हता. दुसऱ्या चार्ल्सचं ब्रागांझाच्या कॅथरीनशी लग्न ठरलं तेव्हा 23 जून 1661 च्या तहात मुंबई इंग्रजांना देऊ केली गेली. सर अब्राहम शिपमन शिपाई घेऊन 1662 मध्ये आला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो ए कास्त्रो ताबा द्यायला तयार होईना. हे बेट इंग्रजांना गेलं की हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. इकडे शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे लोक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिले. पाऊस, ताप आणि उपासमार यांनी त्यातले बहुतेक मेले. शिपमनही तिथेच गेला. उरलेल्या शंभरेक माणसांचा पुढारी म्हणजे त्याचा चिटणीस कुक.

या खचलेल्या माणसाने जानेवारी 1665 मध्ये गोव्याला पोर्तुगीजांनी पुढे केलेल्या अटींवर सही केली. त्या अटी वाचताना जमीनदारांची भीती स्पष्ट दिसते. रहिवाशांच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. दोना इग्नेजसाठी तर स्वतंत्र कलम घातलेलं होतं. बाई खानदानी आहे, तिच्याशी सभ्यतेने वागावं, तिच्या राजीखुशीशिवाय तिच्या जमिनीचा तुकडाही घेऊ नये, असा त्या कलमाचा आशय. एका विधवेच्या वाडीचा दोन राजांच्या व्यवहारात असा वेगळा उल्लेख व्हावा, यावरूनच ताबा बदलला की काय होतं याची बेटावरच्या लोकांना किती पक्की जाणीव होती ते कळतं.

भीती खरी ठरली. कुकने बेटाचा ताबा घेतला आणि थोड्याच दिवसांत माहीमही घेतलं. ओहोटीला मुंबईहून माहीमला पायी जाता येतं, म्हणजे दोन्ही एकच बेट, असा इंग्रजांचा युक्तिवाद. पोर्तुगीज म्हणाले, भरतीला बघा! जमिनीच्या वादात समुद्राची वेळ पुरावा म्हणून वापरली गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. नोव्हेंबर 1666 मध्ये सर जर्व्हेस लुकस गव्हर्नर म्हणून आला, तेव्हा कुकने रहिवाशांकडून 12 हजार शेराफिन उकळल्याचं निघालं. लुकसने कुकला आत टाकलं. पण जमिनींच्या बाबतीत त्याचा स्वतःचा हातही सैल नव्हता. जेझुइट पाद्र्यांकडे परळ-शीवकडे मोठ्या जमिनी होत्या. त्यांवर जप्ती आली. सनद दाखवा, नाहीतर जमीन सरकारजमा, असा सरळ हिशेब.

सनद दाखवणार कशी? मूळ दस्त असले तर ते वसईला किंवा गोव्याला. काहींचे लिस्बनला. काहींचे कुठेच नाहीत. एकशेतीस वर्षांच्या वहिवाटीखेरीज बहुतेकांच्या हाती काही नव्हतं. त्यात खरे कोण आणि राजाची जमीन दाबून बसलेले कोण, हे इंग्रजांना ओळखता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनाही ते पुरतं ओळखता आलं नसतं.

27 मार्च 1668 च्या सनदेने चार्ल्सने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. वर्षाला दहा पौंड, तेही सोन्यात, एवढाच खंड. इंग्लिश कायद्याच्या परिभाषेत मुंबई ही ईस्ट ग्रीनिच या लंडनजवळच्या राजाच्या जहागिरीचा भाग म्हणून कंपनीकडे आली. माहीमच्या भंडाऱ्याला आपण कुठल्या गावचे झालो हे कधी कळलं नसेल, पण जमिनीच्या वादाला यामुळे एक नवीन वळण मिळालं. राजाला बेट म्हणजे हुंड्यात आलेली कटकट होती. कंपनी व्यापारी होती. तिला हिशेब हवा होता, आणि 1667 च्या सुमारास बेटाचं सगळं उत्पन्न धरलं तरी ते 75 हजार शेराफिनच्या घरात होतं. शेराफिन म्हणजे गोव्याकडचं चांदीचं नाणं, अशरफी याच शब्दाचं पोर्तुगीज रूप. तट बांधायचा, शिपाई पोसायचे, वखार चालवायची, तर एवढ्यात भागणार नव्हतं. जमिनी तपासून काढल्या तर उत्पन्न वाढेल, असं वाटणं साहजिक होतं.

जेराल्ड ऑंजियर 1669 मध्ये सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्याविषयी इंग्रजांनी पुष्कळ गौरवाने लिहिलेलं आहे, आणि त्यातलं बरंच त्याच्या कारभाराला धरून आहे. मला तो आवडतो तो मात्र या एका कामासाठी. 1672 मध्ये तो सुरत सोडून मुंबईला येऊन राहिला. 1 ऑगस्टला त्याने बेटावर इंग्लिश कायदा लागू झाल्याचं जाहीर केलं, आणि आठवड्याभरात जॉर्ज विलकॉक्स या न्यायाधीशाचं न्यायालय समारंभाने सुरू झालं. आता जमीनदारांचा धीर पुरताच सुटायला हवा होता. पोर्तुगीज कायद्याने मिळालेली जमीन, तीही विस्कटलेल्या कागदांची, आता इंग्रज न्यायाधीशापुढे इंग्रज कायद्याने तपासली जाणार होती. कंपनीने एकेक दावा लढवायचं ठरवलं असतं तर तिला कदाचित बऱ्याच जमिनी मिळाल्या असत्या. त्यात वीस वर्षं गेली असती आणि बेट ओस पडलं असतं.

ऑंजियरने न्यायालय उघडलं आणि जमिनींचा प्रश्न मात्र न्यायालयाबाहेर ठेवला. मुंबई आणि माहीम या दोन्ही वस्त्यांच्या प्रमुख रहिवाशांशी त्याने बोलणी सुरू केली. 1 नोव्हेंबर 1672 रोजी किल्ल्यात सभा भरली आणि करार ठरला. इतिहासात तो ‘ऑंजियरचा करार’ म्हणून ओळखला जातो. कलमं बारा. त्यातलं मुख्य कलम असं: बेटावरचे सगळे जमीनदार मिळून कंपनीला दरसाल 20 हजार शेराफिन देतील, त्यात ते आधीपासून भरत आलेला फोरोही धरला जाईल, आणि त्या बदल्यात कंपनी त्यांच्या जमिनींवरचा आपला दावा सोडून देईल. ज्याच्या ताब्यात जे आहे, ते काही अपवाद वगळता त्याचं. सनद दाखवायची गरज नाही. काही ठिकाणं कंपनीने स्वतःकडे ठेवली. कुलाब्याच्या बेटाचं समुद्राकडचं टोक संरक्षणासाठी हवं होतं, ते संबंधितांना भरपाई देऊन घ्यायचं ठरलं.

वीस हजार म्हणजे बेटाच्या पाच वर्षांपूर्वीच्या एकूण उत्पन्नाच्या पावहिश्शाहून जास्त. रक्कम लहान नव्हती. जमीनदारांनी ती कबूल केली, कारण दर नव्या गव्हर्नरबरोबर नवी जप्ती, ही टांगती तलवार त्यांना नको होती. कंपनीलाही एकदम ठरलेलं, मोजता येणारं उत्पन्न मिळालं. कोण खरा मालक, हा प्रश्न सुटला नाही. तो विचारायचाच नाही असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. जमिनीच्या वादात हे फार अवघड असतं. आपल्याकडे भावाभावांचे बांधावरचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, ते कागद कुणाचा खरा हे शेवटपर्यंत कुणी सोडत नाही म्हणून. ऑंजियरकडे तोफा होत्या, न्यायालय होतं, आणि कागद अपुरे असल्याचं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने कागद बाजूला ठेवायला लावले.

त्यात त्याचा स्वार्थ होताच. इंग्लंड आणि हॉलंड यांचं युद्ध सुरू झालं होतं. फेब्रुवारी 1673 मध्ये, करार होऊन चार महिने होतात न होतात तोच, रिक्लोफ फान गूंसचं डच आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं. किल्ला अर्धवट बांधलेला, गोरे शिपाई मूठभर. पण बेटावरच्या जमीनदारांची फौज हत्यारं घेऊन उभी राहिली, आणि सोटे घेतलेले भंडारीही. डचांनी अदमास घेतला आणि न लढता ते निघून गेले. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या वाड्या जप्त व्हायच्या होत्या, ती माणसं त्याच वाड्या राखायला किनाऱ्यावर आली होती. त्यांच्यापैकी कुणी डचांना आतून वाट दाखवली असती, तर मुंबईचा इतिहास वेगळा झाला असता.

करार पक्का होऊन त्याला अंतिम रूप मिळालं ते 16 जुलै 1674 रोजी. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या चाळीस दिवस आधी, 6 जूनला, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. ऑंजियरने पाठवलेला हेन्री ऑक्झिंडेन तिथे नजराणा घेऊन हजर होता. राजापूरची वखार लुटली गेली होती, तिच्या भरपाईचा इंग्रजांचा दावा बरीच वर्षं पडून होता. तोही याच भेटीत 10 हजार होनांवर तुटला. काही आठवड्यांच्या अंतराने ऑंजियरने दोन जुनी भांडणं ठरीव रकमेवर आणून मिटवली. एकात तो मागणारा होता, दुसऱ्यात सोडणारा.

आता या कराराची दुसरी बाजू. किल्ल्यातल्या सभेत एकीकडे कंपनी होती आणि दुसरीकडे जमीनदार. जमीन मात्र कसत होते कुणबी. इंग्रजी कागदांत त्यांना ‘कुरुंबी’ म्हटलेलं आहे. ताड-माडावर चढत होते भंडारी. समुद्र होता कोळ्यांचा, आणि तो बहादूरशहाच्याही आधीपासून. 1665 च्या कुकच्या करारात यांचा उल्लेख येतो, पण कसा? वसईच्या मुलखातले कुणबी, भंडारी वगैरे पळून मुंबईत आले तर त्यांना थारा देऊ नये, परत पाठवावं! जमिनीबरोबर माणसंही मोजली जात होती. 1672 मध्ये जमीन कुणाची यावर तडजोड करणारे दोघेही समुद्रापलीकडच्या राजांच्या नावाने बोलत होते. शीवच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या कुणब्याचा हक्क कुणीच विचारला नाही, कारण असा काही हक्क असतो असं त्या सभेत कुणाला वाटतच नव्हतं. ऑंजियरचं कौतुक करताना हे मला विसरता येत नाही. वीस हजार शेराफिन शेवटी त्या कुणब्याच्या घामातून आणि भंडाऱ्याच्या कमरेच्या दोरातूनच येणार होते.

तरीही हेच बेट ऑंजियरच्या काळात भरलं. इंग्रज आले तेव्हा इथे दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. 1675 मध्ये डॉक्टर जॉन फ्रायरने ती साठ हजार सांगितली आहे. आकडा फुगलेला असू शकतो, पण माणसं आली हे नक्की. वसईहून, गुजरातेतून, दीवहून आली. ती काही केवळ या करारामुळे आली नाहीत. पण ज्या गावात जमीन एका रात्रीत सरकारजमा होते, त्या गावात कुणी घर बांधत नाही.

माझगावचा मोठा मालक अल्वारो पिरेस द तावोरा या तडजोडीत समाधानी नव्हता. त्याने लंडनपर्यंत दाद मागितली, त्याच्या वतीने पोर्तुगीज वकिलाने राजाकडे तगादा लावला. त्यातून निघालं ते उलटंच. 1677 मध्ये चार्ल्सने कुकने केलेला करारच आपल्याला मान्य नसल्याचं लिहून दिलं. म्हणजे ज्या कागदावर दोना इग्नेजची वाडी सुरक्षित होती, तो कागद राजाने फेटाळला. 1672 चा करार मात्र टिकला. 1677 मध्येच, 30 जूनला, ऑंजियर सुरतेत वारला. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान बेटावर चढून आला, माझगाव-माहीम घेऊन वर्षभर बसला. तो गेल्यावर त्याला मदत केल्याच्या आरोपावरून जेझुइटांच्या आणि इतर काही पोर्तुगीजांच्या जमिनी कंपनीने हिसकावल्या. करार पाळायचा तो निष्ठा असेपर्यंत, आणि निष्ठा कुणाची हे ठरवणार कंपनीच.

त्या 20 हजारांना पोर्तुगीजांत ‘पेन्सांव’ म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘पेन्शन’ झालं. म्हातारपणाच्या पेन्शनशी त्याचा काही संबंध नाही, ती जमिनीवरची ठरीव पट्टी. पुढच्या शतकात तटबंदीच्या खर्चापोटी त्यावर आणखी ‘टॅक्स’ चढला. समुद्र हटवून काढलेल्या खाऱ्या जमिनी लोकांना स्वस्त पट्टीवर दिल्या गेल्या, त्या ‘फोरास’. फोरास रोडचं नाव त्याच कुळातलं. 1814 मध्ये मुंबई सरकारचा मुख्य सचिव फ्रान्सिस वॉर्डन बेटाच्या जमिनींचा अहवाल लिहायला बसला, तेव्हा त्यालाही ऑंजियरची बारा कलमं उलगडावी लागली. फोरास जमिनींवरचे सरकारी हक्क काय, यावर वाद इतका वाढला की 1851 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आणि 1867 मध्ये नवरोजी बेरामजी विरुद्ध रॉजर्स या खटल्यात न्यायमूर्ती वेस्ट्रॉप यांनी निकाल देताना पुन्हा पोर्तुगीज फोरोपासून सुरुवात केली. दावा होता रेल्वेच्या जमान्यातला, उत्तर शोधावं लागलं ते दोन शतकांपूर्वीच्या त्या सभेत.

दोना इग्नेजचा वाडा आता नाही. त्याच्या भोवतीचा बॉम्बे कॅसल पाडला गेला, भिंतीचे काही भाग आणि एक दरवाजा नौदलाच्या आवारात उभे आहेत. पण दक्षिण मुंबईतल्या जुन्या मिळकतीचा व्यवहार करायचा असेल, तर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी लागते. तिच्यावर सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, धारकांची नावं अशा ओळी असतात, आणि जमीन कोणत्या प्रकाराने धारण केली आहे याचा एक रकाना असतो. काही पत्रिकांवर त्या रकान्यात आजही लिहिलेलं असतं: पेन्शन अँड टॅक्स.